भरू नये अशी जखम

आमच्याकडे जखमेची चौकशी एकाच शब्दात उरकते. भरलं का? विळा लागलेला असो, गोऱ्ह्याने शिंग मारलेलं असो, नाहीतर पोटाचं ऑपरेशन असो, भेटायला आलेलं माणूस टेकायच्या आधी विचारतं, भरलं का? नाही म्हटलं की वर धीर देतं, भरीन, भरीन, लवकर भरीन. या एका शब्दाने गेली तीन वर्षं माझं डोकं उठवलंय. माझी जखम भरायची नाहीये. ती भरली की माझं सगळं गेलं. हे मी इतक्या जणांना इतक्या तऱ्हांनी सांगून पाहिलंय की आता घसा नाही, कपाळ दुखतं.

नीटच सांगते. अर्धवट सांगितलं की लोक उरलेलं मनाने रचतात आणि दरवेळी भलतंच रचतात.

आमच्याकडे मुलगा झाला की पेढे वाटतात आणि मुलगी झाली की जिलेबी. माझ्या वेळी पेढे वाटले. चूक कोणाची नव्हती, पण जिलेबी राहिली ती राहिलीच. पुढे कळत्या वयापासून तिशीपर्यंत काय काय झालं ते सांगत बसले तर निराळं पुस्तक होईल. शेवटी पुण्याला ऑपरेशन झालं. शरीरात जी वाट नव्हती ती डॉक्टरांनी केली, आणि मी बाई म्हणून घरी आले.

ऑपरेशन झालं म्हणजे संपलं, असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायचं. पण अंगाला ही नवी वाट म्हणजे फक्त एक मोठी जखम वाटते, आणि ती बंद करायच्या मागे ते हात धुऊन लागतं. म्हणून गुळगुळीत प्लास्टिकचे दांडे मिळतात, बारीकपासून जाडपर्यंत. डायलेटर म्हणतात त्यांना. जेली लावून, निवांत पडून, अर्धा तास आत ठेवायचा. आधी दिवसातून तीनदा-चारदा, मग रोज एकदा, मग आठवड्यातून दोन-तीनदा. पुढे? पुढे जन्मभर, असं डॉक्टर म्हणाले, रोज दात घासा म्हणावं तितक्या सहज. मी मान हलवली. पुण्याच्या भाड्याच्या खोलीत, आतून कडी लावलेली असताना, मान हलवायला काय जातं.

आमचं घर केनवडच्या अलीकडे, मळ्यातच. मी, आई, भाऊ, वहिनी आणि त्यांची लहान मुलगी. वांगी, मेथी, पालक, सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर, बाहेरच्यांनी डाळ समजू नये. या घरात दिवसा दार लावायची पद्धत नाही. दार लावणं म्हणजे एकतर कोणी आजारी, नाहीतर कोणी रुसलेलं. लोटलेलं दार दिसलं की जाणारा-येणारा ते उघडून विचारतो, काहून लावलं? माझ्या खोलीला आतून कडी होती, ती मी पुण्याहून आले त्याच आठवड्यात आईने स्वतः काढून टाकली. आत चक्कर येऊन पडली तं तुले कोण पाहीन, हे तिचं म्हणणं. मी दाराला कांद्याचं पोतं लावायला लागले. पोतं सरकलं की आवाज होतो, आवाज झाला की आई धावत येते आणि विचारते, काय पडलं वं?

आईची कथाच वेगळी. मी घरी आले तेव्हा तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि दोन दिवसांनी तिला माहीत असलेल्या सगळ्या दुखण्यांतून एक नेमकं निवडलं. बाळंतपण. खालचं दुखणं, टाके आहेत, बाईमाणूस आहे, म्हणजे बाळंतीणच. खाटेखाली शेगडी आली, ओव्या-शेपाची धुरी आली, डोक्याला फडकं आलं, डिंकाचे लाडू आले. लाडूंना माझी ना नव्हती. शेगडीवरून मात्र रोज भांडण. ताज्या टाक्यांना शेक नको म्हणून पुण्याच्या नर्सबाई फोनवर ओरडायच्या आणि इकडे आई निखारे फुंकत म्हणायची, खालून शेकल्याबिगर बाई उठत नसते. सव्वा महिना झाला त्या दिवशी तिने मला डोक्यावरून न्हाऊ घातलं, ओटी भरली आणि जाहीर केलं की आता मोकळी झालीस, चल सांबार उपटायला.

त्याच सव्वा महिन्यात तिने एक नवसही बोलून ठेवला होता. आमच्या विहिरीवर उंबराखाली साती आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या सात देवींचे, शेंदूर लावलेले दगड आहेत. आई पोरीबाळींच्या दुखण्यासाठी तिथे जाते, डॉक्टरकडे जाते ती नंतर. माह्या पोरीची जखम भरू दे, दहीभात अन् हिरवा खण वाहीन. हे तिने मला काही दिवसांनी मोठ्या मायेने सांगितलं. मी कपाळावर हात मारला. देवाकडे नेमकं उलटं मागून ठेवलं होतं.

बाकीचे कुटाणे काय थोडे होते? आतल्या बाजूला कच्च्या मांसाचे लाल दाणे यायचे, जरा लागलं की रक्त. लघवीची धार पुष्कळ महिने सरळच पडेना, पडेल तिकडे आपली. लघवीला जळजळ तर पाहुण्यासारखी, गेली म्हणेपर्यंत परत हजर. जेली पाण्याची हवी, तेलाची चालत नाही. मेडिकलवाला मात्र प्रत्येक वेळी माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे बघून हळू आवाजात विचारायचा, कशासाठी पाह्यजे? बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन बसायचं तर खाली मधे भोक असलेली गादी घ्यावी लागायची. ती पाहून केनवडच्या अर्ध्या बाजाराने मला मूळव्याध झाल्याचं ठरवलं. एका आजीने सुरणाची भाजी खा म्हणून सांगितलं, दुसरीने ताकात काय घालायचं ते. मी नाही म्हटलं नाही. मूळव्याध समजावून सांगावी लागत नाही, हेच तिचं मोठेपण.

पावणेतीन वर्षं अशी ओढली. दांडे व्यवस्थित चालले होते, शेवटचा जाड दांडासुद्धा. मग चुलत बहिणीचं लग्न निघालं, आणि काकाचं घर लहान म्हणून मांडव आमच्या दारात पडला. कुलपाचं कपाट माझ्याच खोलीत, म्हणून रुखवत माझ्या खोलीत. पापड, कुरडया, शेवया, लोकरीची तोरणं, मण्यांचे मोर. बायका दिवसभर आत-बाहेर. रात्री माझ्या दोन्ही बाजूंना एकेक मावशी झोपलेली. अर्धा तास एकटीला सोडा, एवढंच मी आईला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा तिने सांगितलं की लग्नाच्या घरात दार लावणं बरं दिसत नाही. लग्नाआधी पंधरा दिवस, लग्न, मग मागे राहिलेल्या पाहुण्यांची पाठवणी. महिना उलटून गेला.

पाहुणे गेले त्या दुपारी मी पोतं लावून पडले. नेहमीचा दांडा जाईना. त्याच्या आधीचाही जाईना. मी छताकडे बघत राहिले आणि मला घाम फुटला. भीती कशाची ते सांगते. पुन्हा ते ऑपरेशन, पुन्हा ते महिने, आणि दुसऱ्यांदा जमेलच याची खात्री कोणी देत नाही. ज्यासाठी निम्मं आयुष्य वाट पाहिली ते रुखवताच्या पापडांखाली बुजून जाणार होतं. मी रडले, आणि रडताना मला दुःखापेक्षा रागच जास्त आला होता.

पुण्याच्या नर्सबाईंनी फोनवर सांगितलं की घाबरू नका, बारीक दांड्यापासून परत सुरू करा, रोज, न चुकता. जोर करू नका, आणि दोन-तीन महिन्यांनी दाखवायला या. रक्त येत असेल तर जवळपासच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना तेवढं बघू द्या. म्हणून आईला घेऊन वाशीमला गेले. डॉक्टरीणबाई वागायला चांगल्या होत्या. पाळी कधी आली विचारलं. येत नाही म्हटलं. मुलं किती विचारलं. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि तपासलं. मग हात धुता धुता म्हणाल्या, "छान भरत आलंय की. थोडे दाणे आहेत, ते भरतानाच येतात. आता ते आत घालणं बंद करा. जखमेला उगाच चाळवू नका."

मी म्हटलं, "मॅडम, बंद केलं तर ते बंद होईल."

"जखम बंदच व्हायला हवी ना?" त्या म्हणाल्या, आणि मलम लिहून दिलं.

पडद्यापलीकडे बाकावर आई बसली होती. तिने सगळ्या बोलण्यातून एकच शब्द उचलला होता. मी बाहेर येईपर्यंत तिचे हात जोडलेले. जीप लागायच्या आधी तिने बाजारातून हिरवा खण आणि नारळ घेतला. जीपमध्ये शेजारच्या अनोळखी बाईला आनंदाने सांगितलं की पोरीची जखम भरली. ती बाई म्हणाली, देवाची कृपा. मी खिडकीतून बाहेर तुरीच्या शेतांकडे बघत दात खात होते. रिसोड येईपर्यंत दोघींचं गूळपीठ जमलं होतं.

पुढचे दोन दिवस मी आईला समजावण्यात घालवले. पाटात गाळ बसतो, तसं म्हणून पाहिलं. ती म्हणाली, गाळ वर्षाकाठी एकदा काढतात, रोज कोण काढते? विहिरीचं सांगून पाहिलं. शेवटी वैतागून उंदराच्या बिळाची उपमा दिली, तेव्हा तिने तोंडाला पदर लावला आणि उठून गेली. नवस फेडायचा मंगळवार तिने पक्का केला. नवस पावल्यावर फेडला नाही तर आसरा खवळतात आणि फेडला की दिलेलं पक्कं होतं, असा तिचा हिशोब. म्हणजे माझं मिटणं ती दहीभात ठेवून पक्कं करून येणार होती.

सोमवारी दुपारी ओसरीवर मी मेथीच्या जुड्या बांधत होते. आई माझ्या भाचीला बाळ्या घालायला बसली होती. पोरीचे कान सोनाराकडून टोचून आणून थोडेच दिवस झाले होते. एक कान सुजला म्हणून वहिनीने त्यातली कडुलिंबाची काडी काढून टाकली होती आणि पोरगी तापाने फणफणली त्या गडबडीत परत घालायची विसरली होती. आईने बाळीचं टोक टेकवलं, जाईना. उजेडाला कान धरून पाहिला आणि वहिनीवर उखडली.

"काडी काहून काढली वं? भोक ताजं हाय तोवर काडी पाह्यजेच. रोज फिरवा लागते. चार दिस मोकळं सोडलं का बुजलंच समज. आंगाले काय मालूम, हौसेचं भोक हाय का दुखन्याचं? थे तं भरूनच टाकते."

माझ्या हातातली जुडी सुटली. तीन वर्षं. तीन वर्षं पुण्याच्या डॉक्टरांची भाषा, नर्सबाईंची भाषा, पाट, विहीर, बीळ, सगळं करून झालं होतं, आणि ही बाई पोरीचा कान धरून माझंच वाक्य मला ऐकवत होती. हसावं की मेथी फेकून मारावी कळेना.

"माय," मी म्हटलं, "हेच. माह्यं बी हेच हाय. ते दांडे म्हंजे कानातली काडी."

आईचा हात पोरीच्या कानावरच राहिला. वहिनी मेथीकडे बघायला लागली. आईने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खोलीच्या दाराकडे, मग परत माझ्याकडे.

"मंग लग्नाच्या वक्ती काडी निंघाली होती तुही?"

"दार कुठं लावू देत होती तू."

"अन् डाक्टरीण भरलं म्हणे, थे बुजलं म्हणत होती?"

"हो."

तिने पोरीचा कान परत उजेडाला धरून पाहिला. ते बघताना मला माझीही गोम सापडली. आमच्याकडे जखम भरते आणि भोक बुजतं. भरणं चांगलं, बुजणं वाईट, हे शेंबड्या पोरालाही माहीत. पण मी लाजेपायी सगळ्यांना जखमच सांगत आले होते. जखम म्हटल्यावर माणसं भर म्हणणार नाहीत तर काय म्हणणार? डॉक्टरीणबाई शिकलेल्या, त्याही त्याच शब्दाला फसल्या. आई तर बिचारी माझाच शब्द घेऊन देवापर्यंत गेली होती. अर्थात म्हणून माझा राग गेला असं नाही. तो थोडा वाटला गेला, एवढंच.

आईला मात्र आता वेगळीच काळजी लागली. आसरांनी ऐकलं असलं तर? लग्नाच्या महिन्यात जे झालं ते पापडांमुळे नाही, तिच्या नवसामुळे झालं, असं तिच्या मनाने घेतलं. मी म्हटलं, आसरांचा काही संबंध नाही, कडीचा आहे. ती ऐकेना. मंगळवारपर्यंत थांबायलाही तयार होईना. बोललेला नवस मोडता येत नाही आणि हा फेडायचा नाही, मग करायचं काय? संध्याकाळी तिने भात शिजवला, दही कालवलं, खण-नारळ घेतला आणि मला म्हणाली, तू बी चाल.

विहिरीवर उंबराखाली ती उकिडवी बसली. दगडांना हळद-कुंकू लावलं, दहीभात ठेवला, खण पसरला. मी मागे उभी. तिला वाटलं असावं की ती मनातल्या मनात बोलतेय, पण आईचं मनातलं बोलणं शेजारच्या शेतातही ऐकू जातं.

"माय, म्या भर म्हनलं होतं. माह्याच्यानं चुकलं. वरतं वरतं भर, आंदर भरू नको. जेवढं मोकळं हाय तेवढं मोकळं राहू दे, गेलं थे वापस दे. हे आगाऊच ठेवून राह्यली, मांगून काही म्हणू नको."

मग उठताना गुडघ्यावर हात ठेवून तिने शेवटचं वाक्य टाकलं, "पोरगी हाय माही, तिले समजावून घ्या." कोणाला म्हणाली, आसरांना की स्वतःला, मी विचारलं नाही. तिने मला पोरगी याआधीही म्हटलं होतं, पण ते मला खूश करायला. हे माझ्यासाठी नव्हतं.

घरी आल्यावर तिने भावाला कामाला लावलं आणि माझ्या दाराला आतून कडी बसवून घेतली. जुनी सापडली नाही म्हणून गोठ्याची लावली. ती इतकी मोठी आहे की ओढताना अख्ख्या घराला ऐकू जातं. पूर्वी पोतं सरकायचं, आता कडी खणखणते. शांतता या घरात मिळायचीच नाही. शिवाय आईचं नवीन चालू झालंय, काडीला तेल लावतात, तूही करडईचं तेल लाव. नको म्हणून सांगून मी परत थकलेय. दोन महिन्यांनी पुण्याला जाऊन आले. दाण्यांवर त्यांनी औषध लावलं, आणि म्हणाले की दुसरं ऑपरेशन सध्या तरी नको, पण खाडा करू नका. शेवटच्या दांड्याच्या आधीचा आता जातो. शेवटचा अजून जात नाही. जाईल की नाही ते कोणी सांगत नाही, आणि मी रोज दुपारी कडी ओढून पडते.

त्या अर्ध्या तासात आई दारासमोर भाजी निवडायला बसते. आत येऊ पाहणाऱ्याला तीच अडवते. परवा लग्नातली मावशी आली. दार लागलेलं पाहून तिने आधी काहून लावलं विचारलं, मग आवाज उतरवून नेहमीचं विचारलं, ऑपरेशनचं भरलं का वं पोरीचं?

मी आत पडल्या पडल्या डोळे मिटले. आता परत पहिल्यापासून.

बाहेर मेथीची काडी मोडल्याचा आवाज आला.

"नाही वं," आई म्हणाली. "भरू देऊन नाही राह्यलो आमी."